जिकडे अध्यक्षपद, तिकडे वर्ग

सहा महिने ही मुदत ज्या कुणी पहिल्यांदा शोधून काढली, त्याला एकदा रविवारी सकाळी आर. के. पुरमहून नोएडाला जायला बसमध्ये चढवायला हवं. उभ्याने. एका काखेत गुंडाळी फळा, दुसऱ्या हातात शेंगदाण्यांचा डबा. आश्रमच्या चौकात बस अडकली की मग त्याला फिरत्या अध्यक्षपदाचे फायदे विचारावेत. माझा हा राग आता वीस वर्षांहून जुना झाला, पण तब्येतीने अजून ठणठणीत आहे.

ती मुदत आमच्या घरात आणली माझ्या नवऱ्याने. हे तेव्हा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते आणि यांच्या टेबलावर युरोपातल्या देशांच्या संघाचं काम असायचं. पंधरा देश होते तेव्हा त्या संघात. त्यांचा पुढारी कोण, तर कायमचा कुणीच नाही. एक देश सहा महिने अध्यक्ष, मग पुढचा. जानेवारीत एक आला की जुलैत दुसरा. ज्याची पाळी, त्याचे मंत्री बैठकांना अध्यक्ष. आधी कोणता विषय घ्यायचा ते तोच ठरवणार, बाकीच्यांची भांडणं तोच मिटवणार, आणि मिटवताना स्वतःच्या देशाचं घोडं पुढे दामटायचं नाही अशी अपेक्षा. दिल्लीतही त्याच देशाचा राजदूत बाकीच्यांच्या वतीने बोलायचा. सहा महिने झाले की हा मागे, पुढचा पुढे.

यांना या पद्धतीचं केवढं कौतुक! "अगं, एवढासा देश, आपल्या एखाद्या जिल्ह्यात मावेल," हे सांगायचे, "आणि आज बडे बडे देश त्याच्यासमोर हात वर करून बोलायची परवानगी मागतात. याला म्हणतात मान." मग चहाच्या कपांची रांग लागायची. हा कप म्हणजे गेलेला अध्यक्ष, हा आत्ताचा, हा येणारा. तिघांनी मिळून काम पाहायचं, म्हणजे धागा तुटत नाही. धागा तुटायचा नाही, पण चहा गार व्हायचा, आणि तो पुन्हा गरम करायला अध्यक्ष कुठलाही असो, मीच उठायची.

गंमत म्हणजे दर जानेवारीत आणि दर जुलैत हेच गृहस्थ तणतणत घरी यायचे. ज्या माणसाशी पाच महिने बोलून एखादी गोष्ट ठरत आणली, तो माणूस गेलेला. नवा म्हणायचा, आमचे प्राधान्यक्रम वेगळे आहेत, आपण पहिल्यापासून बसू या. हे दोन दिवस जेवताना बोलायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा कप मांडायचे. आणि पंधरा देशांत एकदा पाळी गेली की ती पुन्हा यायला साडेसात वर्षं. तेवढ्यात दुसरीतलं पोर नववी-दहावीत जातं, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. पण बायकोचं म्हणणं हे टिपणात घेण्यासारखं नसतं.

आता दिल्लीतल्या मराठी माणसांबद्दल. आमच्या ओळखीत चार मंडळं होती. आम्ही आर. के. पुरमचे, सगळे सरकारी क्वार्टरवाले, संख्येने सगळ्यात जास्त. करोल बागेतले सगळ्यात जुने, तीन तीन पिढ्या दिल्लीत काढलेले. नोएडाचे सगळ्यात नवे, गाड्यांतून येणारे, कॉम्प्युटरच्या कंपन्यांतले. आणि सरोजिनी नगरचे, ज्यांच्याशिवाय कुणाचाच कार्यक्रम पार पडत नसे, कारण पुरणपोळ्या लाटायला माणसं त्यांचीच असत. चौघांचे गणपती वेगळे, चौघांची कोजागिरी वेगळी. पुण्याहून एखादं नाटक आणायचं तर एकट्याच्या आवाक्याबाहेर. म्हणून एका हिवाळ्यात चौघांची संयुक्त समिती करायचं ठरलं आणि पहिली बैठक आमच्या क्वार्टरच्या बैठकीच्या खोलीत भरली.

अध्यक्ष कोण यावर दोन तास गेले. करोल बागेचे काका, वय सत्तरच्या पुढे, काठी जमिनीवर टेकवून म्हणाले, "तुम्ही लोक बदलीवर आलात. आम्ही इथे फाळणीच्या आधीपासून आहोत." आमच्याकडच्यांनी डोकी मोजून दाखवली. नोएडाचा तरुण अध्यक्ष म्हणाला, "यार, जरा प्रोफेशनली करू या ना." सरोजिनीच्या अध्यक्षीणबाई चकल्या खात होत्या. आणि तेवढ्यात आमच्या यांना युरोप आठवला.

कपबशा मांडल्या गेल्याच. सहा महिने याचे, सहा त्याचे, लहान-मोठा भेद नाही, दोन वर्षांत सगळ्यांची पाळी. ऐकता ऐकता एकेकाचा चेहरा खुलत गेला. आपल्याला अध्यक्ष व्हायला मिळणार, यापेक्षा दुसरा कायमचा अध्यक्ष होणार नाही याचाच आनंद त्यात जास्त होता. मग क्रमावरून पुन्हा जुंपली. अक्षरांप्रमाणे लावा असं ठरलं, तर नोएडाचा म्हणाला इंग्लिशने घ्या. करोल बाग पहिलं येईल म्हणून काकांनी आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीला पाठिंबा दिला. हे म्हणाले, त्या संघात पूर्वी प्रत्येक देशाचं नाव त्याच्याच भाषेत लिहून क्रम लावायचे, आपली भाषा मराठी. झालं. आर. के. पुरम, करोल बाग, नोएडा, सरोजिनी नगर.

"मराठीने लावा की इंग्रजीने," सरोजिनीच्या बाई चकली मोडत म्हणाल्या, "आम्ही शेवटीच." सगळे हसले. मीही हसले आणि चहाचं दुसरं आधण ठेवायला आत गेले.

पाळी आमची पहिली असल्यामुळे काहीतरी करून दाखवणं भाग होतं. मुलांसाठी रविवारी मराठीचा वर्ग काढायचा आणि तो मी घ्यायचा असं ठरलं. मला विचारलं नव्हतं, पण मी लगेच हो म्हटलं. सेक्टरच्या समाज सदनात टेबल टेनिसची एक खोली होती, ती मिळाली. जानेवारीत त्या खोलीत बर्फ पडेल इतकी थंडी, म्हणून मी मुलांना बाहेर उन्हात गवतावर घेऊन बसायची.

अक्षरं शिकवायची नव्हतीच. दिल्लीच्या शाळेत हिंदी असतंच, त्यामुळे पोरं मराठी वाचायची घडाघडा. अडायचं ते बोलण्यात. घरी आईवडील मराठी बोलणार, ही उत्तरं हिंदीत देणार. म्हणून मी एक खेळ काढला. प्रत्येकापुढे एका वाटीत मूठभर शेंगदाणे. मधे एक रिकामी वाटी. आठवडाभरात काय काय झालं ते सांगायचं, आणि बोलताना हिंदी शब्द आला की आपल्या वाटीतला एक शेंगदाणा मधल्या वाटीत टाकायचा. उरलेले आपले. पोरं जिवावर उदार होऊन बोलायची.

पहिल्याच रविवारी सरोजिनी नगरहून एक मुलगी आली. पाचवीतली, दोन वेण्या, नाकावर चष्मा. तिची आई तिला सोडायला आली होती आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, हिला जरा लक्ष देऊन शिकवा. माझे सासरे गेले. वर्षश्राद्ध झालं की सासूबाई कायमच्या आमच्याकडे येणार, कऱ्हाडकडून. त्या कधी गावाबाहेर राहिल्या नाहीत, हिंदी बिल्कुल येत नाही. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. शाळेतून आली की ही आणि त्या, दोघीच घरात. बोलतील काय एकमेकींशी?"

मी म्हटलं, वर्ष आहे ना हातात, काळजी करू नका. किती सहज म्हणून गेले मी ते.

त्या दिवशी मुलगी म्हणाली, "आंटी, मी सुबह उठली, मग नाश्ता केला, मग मी थक गई." तिची वाटी पाच मिनिटांत रिकामी. डोळ्यांत पाणी, पण पुढच्या रविवारी पुन्हा हजर. हट्टी पोर होतं. मला अशी हट्टी मुलं आवडतात. होळीच्या सुमाराला ती मला आंटी म्हणायची थांबून काकू म्हणायला लागली. आणि मेमध्ये, सुट्टीच्या आधीच्या वर्गात, तिने माकडाची गोष्ट सांगितली. "माकडाने आमच्या गच्चीवर वाळत घातलेली बाबांची पँट पळवली आणि समोरच्या कडुलिंबावर जाऊन बसलं. बाबा खालून ओरडत होते. मग आईने त्याला केळं दाखवलं, तर त्याने पँट टाकली, पण आमच्या नाही, शेजारच्यांच्या अंगणात." पोरं गडाबडा लोळली. एक शेंगदाणा गेला नाही तिचा. 'वाळत घातलेली' म्हणाली ती. माझ्या स्वतःच्या मुलाने हा शब्द वापरलेला मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी ती फ्रॉकचे दोन्ही खिसे भरून शेंगदाणे घेऊन घरी गेली आणि मी घरी येऊन उगाचच गाणं म्हणत स्वयंपाक केला.

जुलै आला. समाज सदनात पदग्रहणाचा समारंभ झाला. समितीने एक पितळी घंटा आणली होती, ती एका अध्यक्षाने दुसऱ्याला द्यायची. काकांनी ती घेतली, वाजवून पाहिली आणि भाषण केलं. आमच्या यांच्याकडून त्यांनी बरीच माहिती काढून घेतली होती. म्हणाले, "त्या संघात ज्या देशाकडे अध्यक्षपद, त्याच्या गावी बैठका होतात. सगळे मंत्री तिकडे जातात. मग आपला वर्ग एकाच ठिकाणी का? जिकडे अध्यक्षपद, तिकडे वर्ग!" टाळ्यांचा कडकडाट झाला. नोएडावाल्यांनी सगळ्यात जोरात वाजवल्या.

मी उभी राहिले. म्हटलं, "काका, वर्गातली मुलं इथली आहेत. ती कशी येतील तिकडे?"

"का वहिनी, आमच्याकडची मुलं काय पंजाबी आहेत?"

पुन्हा हशा. आणि संताप याचाच, की काका खोटं बोलत नव्हते. त्यांच्याकडची नातवंडंही आजोबांना दादाजीच म्हणत होती. त्या समितीत कुणीच चुकीचं बोलत नसे. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर, आणि सगळ्यांचं मिळून जे व्हायचं ते पार वेडगळ. सात सुगरणी आणि भाजी अळणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत असताना हे म्हणाले, "खरं म्हणजे तिकडे तसं नसतं. बैठका फिरतात, अध्यक्ष फिरतो. पण कचेरी फिरत नाही. कागद सांभाळणारे, भाषांतर करणारे, मागच्या वेळी काय ठरलं होतं ते लक्षात ठेवणारे लोक कायम एकाच शहरात बसलेले असतात. त्यांच्या जिवावर तर सगळं चालतं. अध्यक्ष काय, येतो नि जातो."

"मग काल हे का बोलला नाहीत?"

"मला कुठे कुणी विचारलं?"

सरकारी नोकराची बायको होऊन मला तेव्हा सतरा वर्षं झाली होती, तरी हे उत्तर ऐकून माझं डोकं फिरलं. त्या देशांनी खुर्ची फिरवली, कचेरी जागेवर ठेवली. आम्ही उचलून कचेरीच बैलगाडीत घातली. त्या दिवशी डब्यातल्या पोळ्या जरा जास्तच भाजलेल्या होत्या आणि डबा संध्याकाळी चाटूनपुसून रिकामा परत आला.

करोल बागेत वर्ग वाचनालयात भरायचा, दुकानांच्या वर, अंधाऱ्या जिन्याने. नवी आठ-दहा मुलं आली. आमच्याकडची पहिल्या रविवारी चार, दुसऱ्या रविवारी दोन. नव्या मुलांसाठी मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. येरे माझ्या मागल्या. वाट्या मांडा, खेळ समजावून सांगा, रडणाऱ्याची समजूत काढा. चष्मेवाली मुलगी आईबरोबर दोन बस बदलून यायची आणि जे तिला येत होतं तेच पुन्हा ऐकत बसायची. आईला आठवड्यातला तो एकच दिवस मिळायचा, धुणी, बाजार, शाळेच्या गणवेशाच्या इस्त्र्या, सगळं त्याच दिवसात. दसऱ्यानंतर सहामाही परीक्षा आल्या, आणि परीक्षा संपल्यावर त्या दोघी आल्या नाहीत.

मी काकांकडे गेले. म्हटलं, आर. के. पुरमला एक दुसरा वर्ग सुरू करू द्या, शिकवायला मी माणूस शोधते, नाहीतर तो मीच घेते आणि इथे दुसरं कुणीतरी येऊ दे. काकांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "तुमचं म्हणणं पटतं हो वहिनी. पण आत्ता वाचनालयाचा महोत्सव डोक्यावर आहे. माझे दोनच महिने राहिलेत. तुम्ही असं करा, जानेवारीत नोएडावाल्यांना सांगा."

बाकीच्या दिवशी त्या मुलीला घरी जाऊन शिकवावं, हेही मी करून पाहिलं. पण मीही नोकरी करत होते, बसमधून उतरायला सात वाजायचे, आणि तिची तेव्हा गणिताची ट्यूशन असायची. रविवार तेवढा एकच होता, आणि तो समितीने माझ्यासकट उचलून नेला होता. वर्ग सोडून द्यावा असं दर रविवारी वाटायचं. पण करोल बागेतली एक चिमुरडी जिन्याच्या तोंडाशी माझी वाट बघत उभी असायची. ती तरी कुणाच्या भरवशावर यायची?

जानेवारीत घंटा नोएडाला गेली. नवीन अध्यक्षाने पडद्यावर चित्रं दाखवत समितीचं 'व्हिजन' सांगितलं. वर्ग त्याच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, गालिचा वगैरे. मेट्रो तेव्हा तिकडे पोचलेली नव्हती. मुद्रिका, म्हणजे रिंगरोडवरून फिरणारी बस, पकडायची, मग आश्रमला उतरून दुसरी बस, मग सेक्टरांचे आकडे मोजत रिक्षा. करोल बागेची चिमुरडी आली नाही, तिच्याबरोबरचं कुणीच आलं नाही. पुन्हा नवी मुलं, पुन्हा वाट्या. इथली मुलं शेंगदाणे खायची नाहीत, त्यांना चिप्स हवे असायचे. वर्षभरात मी कुठल्याच मुलांना माकडाच्या गोष्टीपर्यंत नेऊ शकले नव्हते.

दुसऱ्या वर्गाचं मी पुन्हा काढलं. नोएडाचा अध्यक्ष मुलगा चांगला होता, खोटं कशाला बोलू. म्हणाला, "बिल्कुल काकू, मस्त आयडिया आहे. पण नवीन काही सुरू करायचं तर चौघांचं एकमत लागतं. काकांनीच तर समितीच्या घटनेत घातलंय ना." घटनेत ते घातलं होतं आमच्या यांच्या माहितीवरून. त्या संघात म्हणे महत्त्वाच्या गोष्टींत एका देशाने नाही म्हटलं तरी गाडी अडते. आमचीही अडली. करोल बाग म्हणाली, आर. के. पुरमला दुसरा वर्ग तर आम्हालाही. आणि सरोजिनीच्या बाई, ज्यांच्या दारातल्या मुलीसाठी मी हे भांडत होते, त्या म्हणाल्या, "आमची पाळी आता आलीच की. आत्ताच शेजारी वर्ग काढलात तर जुलैत आमच्या वर्गाला काय किंमत राहील?"

यांनी मला बरं वाटावं म्हणून तोडगा सुचवला. गेलेला, आत्ताचा आणि येणारा अशा तिन्ही अध्यक्षांनी मिळून काम पाहावं, तिकडच्यासारखं. समितीला तो फारच आवडला. पुढच्या कार्यक्रमापासून व्यासपीठावर तीन खुर्च्या लागल्या आणि एका भाषणाची तीन भाषणं झाली. पुढे बऱ्याच वर्षांनी त्या संघातल्या लोकांनाही कंटाळा आला असावा, कारण त्यांनी सगळ्यात वरच्या बैठकीसाठी अडीच वर्षं एकच अध्यक्ष नेमायला सुरुवात केली. मंत्र्यांच्या बैठकांची पाळी मात्र अजून फिरतेच आहे. हे मला ती बातमी वाचून दाखवायला स्वयंपाकघरात आले होते. मी म्हटलं, मला सांगू नका.

मार्चमध्ये सरोजिनीच्या बाजारात मला मुलीची आई भेटली. हातगाड्यांच्या गर्दीत, हातात पडद्यांचं कापड. मी विचारायच्या आतच म्हणाली, "सासूबाई आल्यात ताई, संक्रांत झाल्या झाल्या. चांगल्या आहेत. पण दोघी दिवसभर टीव्ही बघत बसतात. त्या विचारतात, जेवलीस का. ही मान हलवते. संपलं."

"पण तिला येत होतं की! विसरली?"

"सगळं नाही विसरली. पण वर्ग सुटल्यापासून सवय गेली. चुकेल म्हणून लाजते. परवा सासूबाई मला म्हणाल्या, पोर मुकी आहे का गं?"

मागून एक ऑटोवाला भोंगा वाजवत होता आणि मला हलायचं सुचत नव्हतं. रागाने रडू येतं ना, तसं आलं. काकांवर राग, नोएडावर राग, चकल्या खाणाऱ्या बाईंवर राग, कपबशा मांडणाऱ्या माझ्या नवऱ्यावर तर सगळ्यात जास्त. एवढी शिकली-सवरलेली माणसं, कुणी सचिवालयात, कुणी कंपनीत, घटना लिहिली, घंटा आणली, आणि एका पोरीला तिच्या आजीशी चार वाक्यं बोलता येतील एवढं आम्हाला जमलं नाही.

मी स्वतःला समजावलं, जुलै लांब नाही. जुलैत वर्ग त्यांच्या दारातच येणार आहे.

जुलैत तो आला. घंटा सरोजिनीच्या बाईंनी घेतली, प्राधान्यक्रम जाहीर केला: मराठी भाषेचं संवर्धन. वर्गाची जागा त्या मुलीच्या क्वार्टरपासून दोन गल्ल्यांवर. शनिवारी संध्याकाळी, घामाने अंगाला चिकटलेली साडी सावरत, मी स्वतः तिला बोलवायला गेले. बरोबर शेंगदाण्यांची पुडीही नेली होती, आठवण म्हणून.

दार आजींनी उघडलं. ठेंगण्या, नऊवारी नेसलेल्या, हसऱ्या. मला पाहून म्हणाल्या, "आओ आओ. किसको मिलना है?"

मी दचकले. म्हटलं, "आजी, मी मराठीच्या वर्गाची काकू. तुमच्या नातीला शिकवायची."

त्यांनी पटकन तोंडावर हात ठेवला, आत बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "अभी मराठी नहीं बोलना. वो सुनेगी." आणि हसायला लागल्या.

मुलगी आतून आली. वेण्या कापल्या होत्या, उंची वाढली होती. "नमस्ते आंटी," म्हणाली. आंटी. तिच्या मागे जमिनीवर चटई होती आणि चटईवर तीन वाट्या. दोन शेंगदाण्यांनी भरलेल्या, मधली जवळजवळ रिकामी.

"आपका वाला गेम है, आंटी," ती उत्साहाने सांगायला लागली. "मैंने दादी को सिखाया. दादी मराठी वर्ड बोलेगी तो उसकी एक मूंगफली जाएगी. पहले तो सारी चली जाती थीं. अब देखो."

आजींचा चेहरा फुलला होता. माझा हात धरून त्यांनी मला चटईवर बसवलं. "पहले मेरेको कुछ नहीं आता था," त्या म्हणाल्या. "अब भिंडीवाले से भाव करती है मैं. नीचे की सरदारनी के साथ रोज बात करती है. ये छोकरी रोज शाम को बैठती है मेरे पास. एक दिन चुकाती नहीं." आणि त्यांनी नातीच्या केसांवरून हात फिरवला. मुलगी त्यांच्या मांडीला टेकून बसली होती, अगदी बिनधास्त, जन्मापासून तिथेच बसत आल्यासारखी.

सत्तरीच्या बाई. सहा महिन्यांत. एका अध्यक्षपदाच्या मुदतीत.

मला खूप काही बोलायचं होतं. मी एवढंच म्हटलं, आणि तेही मुलीला, "वर्ग आता इथेच आहे गं, दोन गल्ल्यांवर. उद्यापासून येशील?"

तिने आईसारखं तोंड केलं, कुणाला दुखवायचं नसलं की करतात तसं. "आंटी, संडे को मैथ्स की क्लास होती है. और अब ज़रूरत भी नहीं है ना. दादी से तो बात हो जाती है."

मी पुडी पिशवीतच ठेवली आणि उठले. तशा आजीही गुडघ्यावर हात टेकून घाईघाईने उठल्या, दारात आलेल्या माणसाला तसंच कसं जाऊ द्यायचं म्हणून, आणि म्हणाल्या, "अगं बस की बाई, चहा टाकते घोटभर, न घेता जाऊ नकोस."

"दादी!" मुलगी टाळी वाजवून ओरडली आणि तिने मधली वाटी पुढे केली.

आजींनी जीभ चावली, हसल्या, आणि खाली वाकून आपल्या वाटीतले शेंगदाणे एकेक मोजून मधल्या वाटीत टाकू लागल्या.